बिल निघायच्या आधी

(दृश्य : अकोला जिल्हा, पूर्णाकाठचं शिवार. विहिरीतून बादली ओढणारी बाई.)

हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला. इथं बोअर मारली तरी पाणी खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही. म्हणून नळयोजना रखडली की इथल्या माणसाला प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं, आणि तेही मजुरीच्या पैशातून.

(दृश्य : अंगणातला नळ.)

हा नळ जलजीवन मिशनचा. २०१९ साली जाहीर झालेल्या या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरलंय. ओटा आहे, तोटी आहे. मागून पाहा : पाइप ओट्याबाहेर वीतभर येऊन संपतो. पुढं वाहिनीच नाही.

कंत्राटदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तिकेवरून. किती मीटर पाइप, किती खोल चर, किती जोडण्या, हे अभियंता त्यात लिहितो आणि मग बिल निघतं. गावात सगळे तिला ‘एमबी’ म्हणतात, पण ती उघडून पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. खरी मेख इथंच आहे. पारावर बसून कंत्राटदाराला कितीही शिव्या घातल्या, तरी त्याचं काही बिघडत नाही. एमबीत मीटरभर खोलीची नोंद आणि फावड्याच्या दोन घावांत पाइप उघडा, हे दोन्ही एकत्र समोर ठेवलं की मात्र उत्तर द्यावंच लागतं.

एमबी पाहायचा आणि काम तपासायचा हक्क गावाकडे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसत्या कागदाच्या प्रती नाहीत. कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. कंत्राटदार खासगी असेल, पण करारनामा, एमबी आणि बिलं सरकारी दप्तरातच असतात.

आणखी एक. गाव ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. घरोघर पाणी येत नसेल, तर तो ठराव होऊ देऊ नका. प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तावर, आधी सही आणि मजकूर मागाहून, हे तर मुळीच नको.

काम संपल्यावरही करारात दोष दायित्वाची मुदत असते. त्या मुदतीत सदोष कामामुळे वाहिनी फुटली, तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चानं. ग्रामपंचायतीनं घरपट्टीतून करायची नाही. तक्रार लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, आणि कंत्राटदाराची अनामत रक्कम त्याला परत जायच्या आत द्या.