पैसा यंत्रात नाही, गेममध्ये आहे

नमस्कार श्रोतेहो. व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची आपसातली झुंज हा आजचा विषय.

मे १९९५. लॉस एंजेलिसला ई-थ्री हे प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं होतं. सेगा कंपनीचं 'सॅटर्न' सप्टेंबरात येणार, असं आधीच जाहीर झालेलं. पण सोनीच्या प्लेस्टेशनआधी बाजार गाठायचा म्हणून सेगाने तिथेच सांगून टाकलं, की सॅटर्न आत्ताच दुकानात मिळेल, किंमत ३९९ डॉलर. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, '२९९' एवढंच बोलले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शंभर डॉलरचा फरक मोठाच; पण माझ्या मते सेगाचं खरं नुकसान दुसरीकडे झालं. घाईत जेवढा माल तयार होता, तो अमेरिकेतल्या चारच साखळी दुकानांना मिळाला. बाकीचे दुकानदार चिडले. केबी टॉईज या खेळण्यांच्या मोठ्या साखळीने तर सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. सप्टेंबर धरून काम करणाऱ्या गेम कंपन्याही अडचणीत आल्या. यंत्र दुकानात, आणि त्यावर खेळायला गेम मोजकेच! आपल्या मेन रोडवरच्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, असं डावलल्यावर तो त्या कंपनीचा माल पुन्हा दर्शनी भागात मांडेल का?

या धंद्यात यंत्रावर फारसं सुटत नाही. कित्येकदा ते पदरमोड करूनच विकतात. कमाई गेमवर. दुसऱ्या कंपनीच्या गेममधूनही यंत्रवाल्याला वाटा मिळतो. म्हणून गेम बनवणारा दुरावला, की मोठा फटका बसतो. निन्टेन्डोला तो बसलाच. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ मध्ये त्यांनी कॅसेटच कायम ठेवली. कॅसेट बनवायला महाग, आणि तिच्यात मावतं थोडं. आधी निन्टेन्डोसाठी गेम बनवणारी स्क्वेअर कंपनी सीडीकडे वळली, आणि १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी आला.

त्या वर्षांत नाशिकमध्ये घरोघरी टीव्हीला काय जोडलेलं असायचं, ते अनेकांना आठवत असेल. कॅसेटच्या तोंडावर फुंकर मारायची, ती खाचेत दाबायची, आणि काँट्रा नाहीतर मारिओ सुरू. कॅसेटवर शेकडो गेम लिहिलेले, आत निघायचे तेच ते. ती बहुतेक यंत्रं निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होती. कंपनीला त्यातून छदामही मिळाला नसेल, पण आपल्याकडच्या एका पिढीचा हात त्यांवरच बसला. मला ते फार मोलाचं वाटतं.

सेगाने २००१ मध्ये यंत्रं बनवणं सोडलं. आता झुंज सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डोची, आणि डाव आहे तो गेम विकण्याचं दुकानच ताब्यात घेण्याचा. २०२० मध्ये आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ डिजिटल एडिशनला डिस्क घालायची सोयच नव्हती. यंत्र स्वस्त पडतं, पण गेम कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून उतरवून घ्यायचा; जुनी डिस्क कमी पैशात घेणं, मित्राशी अदलाबदल करणं, खेळून झाली की विकून टाकणं, सगळं बंद.

तेव्हा पालकहो, यंदा दिवाळीला कॉलेज रोडवर यंत्र घ्यायला जाल, तेव्हा डिस्क चालते का, हे आधी विचारा. आणि मुलांना हव्या असलेल्या दोन-तीन गेमच्या किमतीही तिथेच विचारून घ्या. नमस्कार.