वणवा विझल्यानंतरचा नकाशा

श्रोतेहो, नमस्कार.

वणवा विझला की बातमीही विझते. इतके हेक्टर जंगल खाक झालं, एवढं सांगून विषय संपतो. पण त्या हेक्टरांमध्ये सगळं सारखं जळालेलं नसतं. कुठे नुसता पालापाचोळा जळतो आणि झाडं तगतात, कुठे शेंड्यापासून मुळापर्यंत काही उरत नाही. हा फरक दाखवणारा नकाशा लागतो, आणि तो पाऊस यायच्या आत लागतो.

असा नकाशा लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवरून करतात. ते आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. हिरवं पान जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं, पण त्यातलं पाणी त्यापुढचा लघुतरंग अवरक्त शोषून घेतं. होरपळलेल्या जमिनीवर याच्या अगदी उलट घडतं. परत आलेल्या या दोन अवरक्त प्रकाशांची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे ‘एनबीआर’, जळाल्याचं प्रमाण सांगणारा आकडा. समजा २० मीटरच्या एका चौकोनाचा एनबीआर आगीआधी ०.६ होता आणि नंतर उणे ०.२ झाला. ही ०.८ ची घसरण म्हणजे तिथे फार खोल नुकसान झालं.

तरीही पायी जाऊन पाहायलाच हवं. उपग्रहाला दिसतो तो वरचा पसारा. दाट शेंड्यांखालून सरकलेली आग त्याच्या नजरेतून निसटते. आणि माती कशी झाली, ते तर जागेवरच कळतं. राख बाजूला सारून मातीवर पाण्याचा थेंब टाकायचा. तो न मुरता मण्यासारखा थांबला, तर आगीच्या उष्णतेने मेणचट द्रव्यं मातीच्या कणांवर बसली आहेत. अशा उतारावर पाऊस मुरत नाही, माती घेऊन खाली धावतो.

कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये ‘थॉमस’ वणवा पेटला. तो पूर्ण आटोक्यातही आला नव्हता, तोच ९ जानेवारी २०१८ ला जोरदार पावसाने त्या डोंगरांवरून चिखल आणि दगडधोंडे माँटेसिटो गावावर आले. २३ माणसं गेली. उतार कुठे सर्वांत जास्त भाजलाय, हे आधी कळणं किती गरजेचं आहे ते यावरून समजावं.

लँडसॅटची चित्रं २००८ पासून सर्वांना मोफत मिळतात, सेंटिनेलचीही मिळतात. तुम्हीही हा हिशेब करून पाहू शकता. फक्त आगीआधीचं चित्र शक्यतो मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांतलं घ्या. ऋतू बदलला, तर नुसती पानगळही नकाशावर आग म्हणून उमटते.