निर्गुडीचा पाला आणि गुडघ्याचे दुखणे

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाची झड लागली की आमच्या घरी भाकऱ्या झाल्यावरही तवा चुलीवरून उतरत नाही, कारण त्यावर आईच्या गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला शेकायचा असतो. कुंपणाजवळच्या झुडपाचे चार डहाळे तोडून आणायचे, पानांना एरंडेलाचा हात लावायचा, ती कोमेजून मऊ पडली की सोसवेल इतकी गरम असतानाच गुडघ्यावर पसरायची आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधून टाकायची. सकाळी पट्टी सोडताना आई म्हणते, "रात्री बरं वाटलं बघ." मी गेली अनेक वर्षे औषधशास्त्र शिकवते. आईला बरे वाटले याविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु ते कशामुळे वाटले, पाल्यामुळे, तेलामुळे, उष्णतेमुळे की रात्रभर पाय स्वस्थ राहिल्यामुळे, हा प्रश्न मला सोडत नाही. आजचे भाषण त्या प्रश्नाविषयी आहे.

उष्णतेचे उत्तर सर्वांत सोपे आहे. शेकाने त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात आणि सांध्याचा ताठरपणा काही काळ कमी होतो. मग तो शेक निर्गुडीचा असो, तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा असो किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा असो. चोळण्यालाही आधार आहे. स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संवेदनेची वाट अडवतात, हा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला, आणि ठेच लागताच आपला हात आपोआप तिथे का जातो याचा उलगडा त्यातून होतो. मात्र तेल आत जिरून सांध्याला वंगण देते, ही समजूत खरी नाही. सांध्यातील वंगण शरीर स्वतः तयार करते, आणि वरून चोळलेले तेल कातडी, चरबी आणि सांध्याचे आवरण ओलांडून तिथवर पोहोचत नाही.

पण म्हणून वनस्पतींच्या गुणांना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण वेदनाशामक औषधांचा इतिहास वनस्पतींपासूनच सुरू होतो. एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीची पूड तापाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि १७६३ साली रॉयल सोसायटीला तसे कळवले. पुढे या सालीतून सॅलिसिन वेगळे काढण्यात आले, त्याच कुळातले अ‍ॅस्पिरिन १८९७ साली प्रयोगशाळेत शुद्ध रूपात तयार झाले, आणि ते शरीरात नेमके काय करते हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले, तेव्हा स्टोनच्या पत्राला दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. आपल्या मिरचीचेही तसेच आहे. तिच्यातील कॅप्सेसिन आधी आग आग करते आणि वारंवार लावल्यास वेदना वाहणाऱ्या तंतूंना बधिर करते. ते ज्या ग्राहीवर, म्हणजे त्या तंतूंवरील संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर, काम करते त्याचा शोध लावणारे डेव्हिड ज्यूलियस हे २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले, आणि कॅप्सेसिनचे मलम आज औषधांच्या दुकानात मिळते.

हळदीविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. थायलंडमध्ये गुडघ्याची झीज झालेल्या ३६७ रुग्णांवर चार आठवडे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या तोडीस तोड उतरला. हे ऐकून आपण दुधाचा पेला उचलण्याआधी हिशेब करू. हळदीच्या पुडीत कुरकुमिन हा तिचा मुख्य गुणकारी घटक साधारण ३ टक्के असतो, म्हणजे चमचाभर हळदीत तो १०० मिलिग्रॅमच्या आसपासच भरतो, आणि तोही आतड्यातून फारच थोडा शोषला जातो. चाचणीतील रुग्ण रोज दीड ग्रॅम अर्क घेत होते. हळदीचे दूध प्यायला माझी काहीच हरकत नाही, पण त्या चाचणीचा दाखला देऊन ते औषध म्हणून पिऊ नये.

आपल्या मातीतले याहून चांगले उदाहरण सालईचे आहे. सातपुड्यात आणि मेळघाटात वाढणाऱ्या या झाडाचा डिंक आयुर्वेदात शल्लकी म्हणून ओळखला जातो. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ३० रुग्णांना त्याचा अर्क आणि अर्कासारखीच दिसणारी निरौषधी गोळी आलटून पालटून, प्रत्येकी आठ आठवडे दिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अर्काने दुखणे कमी झाले, सूज उतरली, गुडघा अधिक वाकू लागला. क्ष-किरण चित्रात मात्र काहीच फरक पडला नाही. रुग्ण थोडे होते हे खरे, पण मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण दुखणे कमी होणे आणि आजार बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तो स्वच्छपणे दाखवतो.

काही उपाय परीक्षेत टिकले नाहीत, हेही सांगायला हवे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाने तांब्याच्या कड्याची चाचणी आमवात या सांध्यांच्या आजाराच्या ७० रुग्णांवर घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार त्या कड्याने ना वेदना कमी झाली, ना सूज. तरीही अनेकांना कड्याचा गुण येतो, कारण सांध्याचे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. आपण उपाय करतो तो दुखणे टिपेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर ते उतरणारच असते. श्रेय मात्र त्या दिवशी हातात असलेल्या उपायाला मिळते.

यापुढचे मी अधिक कळकळीने सांगते. आपण 'वात आहे' असे म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात निरनिराळे आजार दडलेले असतात. वयाबरोबर गुडघ्याची होणारी झीज निराळी, युरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे अंगठ्याला एका रात्रीत येणारी सूज निराळी आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात तर अगदीच निराळा. माझ्या नात्यातल्या एका काकूंची बोटे सकाळी तास-दोन तास वळत नसत आणि दोन्ही हातांची पेरे सुजत. त्यांनी रुईची पाने बांधली, बिब्ब्याचे तेल लावले, त्याने कातडी भाजून फोड आले आणि त्यांची खूण आजही मनगटावर आहे. या सगळ्यात दोन वर्षे गेली. निदान झाले तोवर आमवाताने बोटे करंगळीच्या बाजूला कलली होती. औषध सुरू झाल्यावर सूज उतरली, पण बोटे सरळ झाली नाहीत. आता पोळी लाटताना त्या लाटणे तळव्यांनीच फिरवतात. या आजारात पहिले काही महिनेच सर्वांत मोलाचे असतात, आणि ते त्यांच्या हातून निसटले.

म्हणून सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, सांधा सुजून गरम लागत असेल, किंवा दुखण्याबरोबर ताप येत असेल, तर शेक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. सुजून गरम झालेल्या सांध्याला शेकाने त्रासच वाढू शकतो. 'तीन दिवसांत हमखास गुण' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर कधीच घेऊ नयेत. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने दुखणे जादूसारखे थांबते आणि पुढे मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात.

झिजेच्या गुडघ्यासाठी मात्र निर्गुडी खुशाल बांधावी. जोडीला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करावा आणि वजन उतरवावे. वजन एक किलो घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, एवढे एका अमेरिकी अभ्यासाने मोजून दाखवले आहे. आई आता पाला शेकून होईपर्यंत खुर्चीत बसते, एक पाय समोर सरळ उचलते, मोठ्याने दहा आकडे मोजते आणि मग दुसरा उचलते. नमस्कार.