पात्याला विचारून केलेली मूठ

(दादरला एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

या टेबलावर एक तलवार आहे आणि तिच्या शेजारी करवतीने दोन तुकडे केलेली एक मूठ आहे. दोन्ही मुठी माझ्या हातच्या, दोन्ही याच पात्यासाठी केलेल्या. तुकडे केलेली आधीची. दिसायला ती आत्ताच्या मुठीपेक्षा देखणी होती. आज मी जे सांगणार आहे ते या दोन मुठींमधल्या फरकाबद्दल.

मी टूलरूममधला फिटर, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणारा. डाय, जिग, फिक्स्चर यांत नोकरी गेली. तलवारीशी संबंध आला तो भाचीमुळे. ती युरोपातल्या जुन्या दोन हाती तलवारीचा, लाँगस्वोर्डचा, सराव करते. फिओरे देई लिबेरी नावाच्या इटालियन उस्तादाने १४१०च्या सुमारास या विद्येचे डाव चित्रांसकट लिहून ठेवले. तसली इटालियन आणि जर्मन हस्तलिखितं वाचून आज जगभर लोक ती विद्या नव्याने उभी करताहेत. एका जूनमध्ये भाची चादरीत गुंडाळलेलं नुसतं पातं घेऊन आली. सरावाचं पातं, धार नाही, कड दोन मिलिमीटर जाड, टोक गोल. म्हणाली, "मामा, हिला मूठ करून देशील?" मी म्हटलं, पंधरा दिवस दे. अकरा महिने लागले.

आधी शब्दांची सोय करून घेऊ. पातं संपून पुढे जो अरुंद भाग मुठीत शिरतो त्याला मी शेपटी म्हणेन. कानशीला लाकडी दांडा बसवतात तो जिच्यावर, तशीच ही. पातं अरुंद होऊन शेपटी सुरू होते तिथले दोन कोपरे म्हणजे खांदे. खांद्यांवर टेकते ती आडदांडी. मग दोन हातांची लाकडी पकड, आणि शेवटी लोखंडी वजन, पॉमेल. त्याला मी पॉमेलच म्हणेन. आपल्या तलवारीला बोटांवरून वळणारा परज असतो, तो इथे नाही.

युरोपीय पात्याला इथल्या माणसाने मूठ घालणं ही काही नवी गोष्ट नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांबरोबर तिकडची लांब, सरळ पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत. मराठ्यांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या आणि त्या तलवारीला नावच पडलं फिरंग. फिरंगेची मूठ नीट बघा. परज रुंद, माथ्यावर एक लांब दांडा, वेळेला दुसऱ्या हाताने धरता यावा असा. मुठीतून लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना खाली उतरतात आणि आरपार रिव्हेट मारून पात्याचं बूड आवळून धरतात. मला त्यात कारागिराचा विचार दिसतो. परकं पातं हातात आलं, ते लांब आहे, लवतं आहे, तर त्याला बुडाशी आधार द्या. काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. तिथे गेलात तर पात्यांच्या लांबीकडे कमी बघा, पातं आणि मूठ जिथे भेटतात तिकडे जास्त बघा.

आपल्याकडची तलवारीची मूठ बहुतेक वेळा पोकळ लोखंडाची. शेपटी आत घालायची, भोवती राळेचं किंवा लाखेचं तापवलेलं मिश्रण ओतायचं, गार झालं की घट्ट. सैल झाली तर पुन्हा तापवा, काढा, बसवा. मध्ययुगीन युरोपात वेगळी रीत. आडदांडी, लाकूड, पॉमेल एकामागून एक शेपटीवर ओवायचे आणि पॉमेलबाहेर आलेलं शेपटीचं टोक हातोडीने ठोकून पसरवायचं, रिव्हेटसारखं. मग ते काढायचं तर टोक घासून काढावं लागतं. तरीही तिथे पाती पुन्हा पुन्हा नव्या मुठींत बसवली गेली. इवार्ट ओकशॉट या इंग्रज अभ्यासकाने १९६०च्या दशकात मध्ययुगीन तलवारींची वर्गवारी केली, तेव्हा पात्यांचे प्रकार वेगळे लावले, पॉमेलचे वेगळे आणि आडदांड्यांचे वेगळे. पातं एका घराण्याचं आणि मूठ दुसऱ्याच घराण्याची, असं सर्रास सापडतं.

आता काम. पातं खांद्यापासून टोकापर्यंत ९२ सेंटीमीटर, मागे २७ सेंटीमीटर शेपटी, एकूण वजन ८७० ग्रॅम. पहिल्याच दिवशी मला जे खटकलं ते खांद्यात. पात्यातून शेपटी काढताना कोपरा अगदी काटकोनात कापला होता. शाफ्टला पायरी उतरवताना कोपऱ्यात रेडियस, म्हणजे गोलाई, ठेवायचा, हे टर्नरला पहिल्या वर्षी शिकवतात. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका रेघेवर गोळा होतो, तिथे केसाएवढी चीर पडते, आणि पुढच्या हजार फटक्यांत ती चीर आत सरकत जाते. तलवार मोडते ती बहुतेक तिथेच, मुठीच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही. मी गोल कानशीने दोन्ही कोपऱ्यांत तीन मिलिमीटरचा रेडियस दिला. आणखी एक. बाजारातल्या शोभेच्या तलवारींना शेपटी म्हणून आट्यांचा गज वेल्ड केलेला असतो. ती भिंतीवर राहू द्या. तसली तलवार फिरवताना पातं सुटून समोरच्याच्या अंगावर गेलं तर काय होईल, याचा विचार करा.

आडदांडीसाठी १६ मिलिमीटरचा चौकोनी माइल्ड स्टीलचा बार घेतला, २२ सेंटीमीटर. वजन साधारण ४४० ग्रॅम. आत्ता टेबलावर आहे ती १९० ग्रॅम. बाकीचं लोखंड बुकणी होऊन खाली पडलं. मधे शेपटीसाठी खाच. पाच मिलिमीटरची भोकं ओळीने पाडायची, मधल्या भिंती छिन्नीने काढायच्या आणि मग कानस. नागदेवी स्ट्रीटवरून चांगल्या बारीक कानशी आणा, इथे पैसे वाचवू नका. शेपटीला प्रशियन ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, फासायचा, आडदांडी सरकवायची, काढायची, जिथे निळं उमटलं तिथेच घासायचं. पुन्हा सरकवायची. खांद्यातल्या त्या रेडियसमुळे खाचेच्या तोंडालाही तेवढाच उतार द्यावा लागतो, नाहीतर आडदांडी गोलाईवर चढून बसते आणि खांद्यांना टेकतच नाही.

इथे मी पहिल्यांदा चुकलो. साठएक वेळा सरकवून झालं होतं, दिवाळीपूर्वी द्यायची होती. खाच किंचित सैल राहिली. मी स्वतःला समजावलं की मागून लाकूड दाबून बसणारच आहे, तेच आडदांडीला खांद्यांवर आवळून धरेल. टूलरूममध्ये एखाद्या पोराने असं सांगितलं असतं तर मी त्याला परत व्हाइसपाशी उभं केलं असतं.

दुसरी चूक पॉमेलमध्ये. तलवार बोटावर तोलून बघतात ना, तो तोल आडदांडीच्या जितका जवळ तितकी तलवार हलकी लागते, एवढंच मी ऐकलं होतं. म्हणून लेथवर ४५० ग्रॅमचं जाडजूड चाक उतरवलं. तोल आला आडदांडीपुढे आठ सेंटीमीटरवर. मी खूश. भाचीने हातात घेतली, दोन-चार वार केले आणि म्हणाली, "मामा, उभी धरली की हलकी आहे, पण वळवायला गेलं की ऐकत नाही. आणि मारलं की पुढच्या हाताला झिणझिण्या येतात."

तिचं दोन्ही खरं होतं. हातांपासून लांब, अगदी टोकाला वजन ठेवलं की तोल मागे येतो, पण प्रत्येक वळणावर तेवढं वजन हलवावं आणि थांबवावंही लागतं. झिणझिण्यांचं कारण मला जास्त आवडलं, कारण ते इथे, आत्ता दाखवता येतं. तलवार उभी लोंबकळत धरा आणि पॉमेलवर तळव्याने थाप मारा. पातं थरथरतं. पण बघा, पात्याच्या मधल्या टप्प्याच्या पुढे एक जागा आहे, ती जवळजवळ स्थिर आहे. तशीच दुसरी स्थिर जागा मुठीत असते. ती पुढच्या हाताखाली, आडदांडीच्या लगेच मागे यायला हवी, म्हणजे फटक्याची थरथर त्या हातात उतरत नाही. पॉमेलचं वजन वाढवलं की ही जागा मागे, पॉमेलकडे सरकते. कमी केलं की पुढे पात्याकडे जाते. माझ्या ४५० ग्रॅमने ती पुढच्या हाताखालून काढून घेतली होती.

दुसऱ्या वेळी मी पॉमेल तात्पुरतं पितळेच्या पाचरींनी अडकवलं आणि लेथवर थोडं थोडं उतरवत गेलो. प्रत्येक वेळी थाप मारायची, बोटांनी चाचपून स्थिर जागा शोधायची. ३१० ग्रॅमला ती जिथे हवी तिथे आली. तोल गेला ११ सेंटीमीटरवर, म्हणजे आकड्यात आधीपेक्षा वाईट. सगळ्या तलवारीचं वजन १,४५० ग्रॅम. भाचीने वार केला आणि काही बोललीच नाही, पुढचा वार केला. ३१० हा आकडा तुम्ही लिहून घेऊ नका. दुसऱ्या पात्याला तो चालणार नाही. पातं स्वतः सांगतं, त्याला विचारावं लागतं.

आता ती पहिली मूठ कापावी का लागली. ती ऑगस्टमध्ये बसवली. रे रोडच्या लाकूड बाजारातून स्टीम बीच नावाचं लाकूड आणलं होतं. युरोपातही बीच, अॅश असलीच लाकडं वापरत. सागाचा मोह होतो, पण सागात तेल असतं, चिकटवलेला सांधा पुसून घेतल्याशिवाय भरवशाचा होत नाही. ऑगस्टमध्ये माझ्या परळच्या खोलीत काडेपेटी ओढली तर पेटत नाही इतकी ओल. लाकूड फुगलेलं. त्या फुगलेल्या लाकडावर सगळी मूठ आवळून मी शेपटीचं टोक ठोकलं. जानेवारीत भाचीचा फोन: "मूठ बोलतेय." म्हणजे प्रत्येक फटक्याला आडदांडीचा बारीक खडखडाट. लाकूड आकसलं होतं. लांबीच्या दिशेला लाकूड फारच थोडं आकसतं, रुंदीत जास्त. पण इथे लांबीतला केसभर फरकही पुरला, त्यात फटक्यांनी लाकडाचं टोक थोडं चेपलेलं. आडदांडीला धरणारं दुसरं काही नव्हतंच. खाच मी सैल ठेवली होती.

जर्मन हस्तलिखितांत एक डाव आहे, तलवार उलटी करून पात्याला दोन्ही हातांनी धरायचं आणि आडदांडी किंवा पॉमेल हातोड्यासारखं मारायचं. त्या डावात आपल्या मुठीचे सगळे सांधे समोरच्याच्या शिरस्त्राणावर तपासले जातात. असा डाव ज्यांनी शिकवला त्यांची आडदांडी लाकडाच्या भरवशावर नसणार. हे मला मूठ कापताना सुचलं.

म्हणून दुसऱ्या वेळी लाकडाशिवायच सुरुवात केली. नवी आडदांडी इतकी तंग की शेवटचे चार मिलिमीटर पाइप टेकवून ठोकत न्यावी लागली. बसल्यावर पात्याला टिचकी मारली. स्वच्छ, लांब घुमणारा आवाज आला, खरखर नाही. पॉमेलचं भोकही शेपटीच्या उताराबरहुकूम घासलं. ५२ मिलिमीटर व्यासाच्या चाकात कडेपासून कडेपर्यंत निमुळतं चौकोनी भोक, त्याला तीन आठवडे गेले, ते वर्णन करत नाही. लाकडाचं काम आता फक्त जागा भरायचं.

लाकडाचे दोन उभे अर्धे भाग, आतून शेपटीपुरते कोरलेले. जुनी मंडळी सरस वापरत. मुंबईच्या पावसात सरस ओल पिऊन मऊ पडतो, म्हणून मी अरल्डाइट वापरलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वर चप्पल शिवायचा मेणवलेला दोरा जवळजवळ गुंडाळला, हे लाकडाला चिरू न देणारं बंधन. त्यावर धारावीतून आणलेलं बकऱ्याचं पातळ चामडं, कडा तासून कागदासारख्या केलेल्या, म्हणजे शिवण हाताला लागत नाही. चामडं ओलं असतानाच त्यावर दोरी करकचून बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी सोडली की तिचे वळ चामड्यात उमटलेले असतात. घामेजल्या हाताला तेच धरून ठेवतात. जवळून बघाल तेव्हा वळांवरून बोट फिरवून बघा.

शेवटचं काम दहा मिनिटांचं आणि सगळ्यात धडधडीचं. पातं व्हाइसमध्ये तांब्याच्या पट्ट्यांत धरलं, भोवती ओलं फडकं, म्हणजे उष्णता पात्यात उतरून त्याचं पाणी जाणार नाही. शेपटीचं तीन मिलिमीटर टोक गॅसच्या ज्योतीने लाल केलं आणि बॉलपिन हातोडीने, हलक्या हाताने, मधून कडेकडे पसरवलं. जोरात मारलं तर शेपटी आत वाकते. गार झालं, घासलं, पुसलं. ही मूठ मेमध्ये बसवली, त्यानंतर दोन पावसाळे गेले. अजून बोललेली नाही.

एक चिठ्ठी आली आहे, कायद्याचं काय म्हणून. महत्त्वाचं विचारलंत. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवारीसारखी धारदार हत्यारं येतात. शिवाय मुंबईत पोलीस वेळोवेळी १९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा रस्त्यात हत्यार बाळगता येत नाही. बोथट आहे, सरावाची आहे, हे तुम्ही सांगाल, पण ठरवणार पोलीस. काम सुरू करण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. लोकलमधून उघडी तर कधीच नेऊ नका.

आता एकेक जण पुढे या. आधी कापलेली मूठ बघा, खाचेत डाव्या अंगाला जी चकाकी आहे तिथे आडदांडी पाच महिने घासत होती. मग तलवार उचला आणि पॉमेलवर थाप मारा. पात्याला हात लावाल तर नंतर हे फडकं फिरवा, इथल्या हवेत बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजून उमटतात.