एक फेरी जाण्याची, एक येण्याची

[दृश्य: वायव्य लंडन, डॉलिस हिल लेन. भुरभुर पाऊस. काळी टॅक्सी फुटपाथला लागते.]

ड्रायव्हर खाली उतरतो, बाजूचं दार सताड उघडतो आणि टॅक्सीच्या तळातून एक फळी ओढून काढतो. फळीचं टोक फुटपाथला टेकतं. व्हीलचेअर चढते, पट्टे आवळले जातात, दार लागतं. मीटर सुरू होतो तो यानंतर. खुर्ची चढवायला वेळ लागला म्हणून जादा पैसे घेणं हा २०१७ पासून इथे गुन्हा आहे. दंड एक हजार पौंडांपर्यंत.

[दृश्य: रस्त्यावरून जाणाऱ्या काळ्या टॅक्सी.]

१ जानेवारी २००० पासून लंडनच्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर चढलीच पाहिजे, असा नियम आहे. पण चढता येणं वेगळं आणि परवडणं वेगळं. लंडनची टॅक्सी धडधाकट माणसालाही खिशाला चाट लावते. ज्याला तिच्याशिवाय घराबाहेरच पडता येत नाही, त्याने काय करायचं?

ग्रेटर लंडन कौन्सिल नावाची महापालिका असताना, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं एक उत्तर निघालं : टॅक्सीकार्ड. कौन्सिल १९८६ मध्ये बरखास्त झाली, कार्ड मात्र टिकलं. आज ६० हजारांच्या आसपास लंडनकरांकडे ते आहे. पैसे शहराची वाहतूक संस्था आणि बरो, म्हणजे स्थानिक पालिका, मिळून घालतात. प्रवाशाने ठरलेली छोटी रक्कम भरायची, पुढचं भाडं एका मर्यादेपर्यंत सरकारचं. त्यावर गेलं तर पुन्हा प्रवाशाचं. लांब जायचं असेल तर काही बरोंमध्ये एकाच प्रवासात कार्ड दोनदा वापरता येतं. अर्थात, मग कार्डावरच्या मोजक्या फेऱ्यांतल्याही दोन कापल्या जातात.

कार्ड मिळतं कुणाला? ज्यांची दृष्टी जवळपास गेली आहे त्यांना. हिंडण्याफिरण्यासाठीचा वरच्या दराचा अपंगत्व भत्ता ज्यांना मंजूर आहे त्यांना. बाकीच्यांची चालण्याची तपासणी होते. एकदा कार्ड हातात आलं की कुठे चाललात, कशाला चाललात, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर, देऊळ, मैत्रिणीकडचा चहा, सगळं चालतं. मला या योजनेतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

[दृश्य: वेम्बली पार्क स्टेशन. लिफ्ट.]

समजा, वेम्बलीत राहणाऱ्या एक काकू आहेत. गुडघे गेलेले, आता खुर्ची. त्यांना जायचंय डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२ साली स्थापन झालेल्या. वेम्बली पार्क स्टेशनला लिफ्ट आहे. त्याच जुबिली लाइनवर डॉलिस हिल दोन स्टेशनांवर. पण तिथे जिने! चढलेलं माणूस उतरणार कसं? लंडनच्या भुयारी रेल्वेची २७२ स्टेशनं आहेत, आणि त्यातल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात जिन्याशिवाय जाता येतं. बसला रॅम्प असतो, हे खरं. पण घर ते थांबा आणि थांबा ते मंडळ, हे दोन तुकडे पावसात कोण जोडणार?

[दृश्य: मुंबई, काळी-पिवळी. टपावर दोरीने बांधलेली घडीची व्हीलचेअर.]

मुंबईत हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. डिकीत सीएनजीची टाकी, म्हणून खुर्ची टपावर. माणसाला दोघांनी उचलून आत ठेवायचं. आपल्याकडे सवलत आहे, नाही असं नाही. एसटीत अपंगांना तिकिटात ७५ टक्के सूट, ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबत्याला निम्मं तिकीट. पण लाल डब्याच्या त्या उंच पायऱ्या? आणि स्टँडपर्यंतची रिक्षा पूर्ण भाड्याची.

[दृश्य: पुन्हा लंडन. स्वयंपाकघर, भिंतीवर कालनिर्णय.]

लंडनमध्येही सगळं आलबेल नाही. दहाएक वर्षांपूर्वी शहरात २२ हजार काळ्या टॅक्सी होत्या, त्या आता १५ हजारांच्या खाली आल्यात. टॅक्सी कमी, वाट पाहणं जास्त. शिवाय फेऱ्या मोजून मिळतात. किती, ते बरोवर. रस्ता ओलांडून पलीकडच्या बरोत गेलात तर आकडा वेगळा! काही ठिकाणी वर्षाला १०४. म्हणजे आठवड्याला दोन: एक जाण्याची, एक येण्याची. आठवड्यातून एकदाच बाहेर. दात दुखला, तर त्या आठवड्याचं भजन बुडालं.

मग माणसं हिशेब ठेवायला लागतात. काही जण दिवाळीपर्यंतच उधळून बसतात. काही इतकी काटकसर करतात की मार्चअखेर फेऱ्या शिल्लक राहतात, आणि त्या पुढच्या वर्षात धरल्या जात नाहीत. ३१ मार्चला बाद.

आणि पाडवा नेमका याच दिवसांत येतो. २०२५ साली तो ३० मार्चला होता. नवी खेप मिळायला दोन दिवस बाकी.

आमच्या काकूंसारखं माणूस म्हणून जानेवारीतच कालनिर्णयाचं पान उलटून बघतं. पाडवा मार्चात असेल तर पेन्सिलीने शेजारी दोन रेघा मारून ठेवतं.

[दृश्य: टॅक्सीचं दार. फळी आत सरकते.]