निकालाआधीचं मत

श्रोतेहो, नमस्कार. शिवाजीनगर कोर्टात पक्षकार हमखास विचारतात, "साहेब, निकाल काय लागेल?" आम्ही "बघू या" म्हणतो आणि चहाच्या टपरीकडे वळतो. लक्झेंबर्गला युरोपीय संघाचं न्यायालय आहे, तिथे मात्र एक माणूस याचं उत्तर निकालाआधी भर कोर्टात देऊन मोकळा होतो.

त्याला म्हणतात अ‍ॅडव्होकेट जनरल. आपल्याकडे हे पद म्हणजे राज्य सरकारचा वकील, महाधिवक्ता. तिथले 11 जण कोणाचेच वकील नाहीत. युक्तिवाद झाले की ते जुने निकाल धुंडाळून प्रकरण कसं सोडवावं ते सविस्तर लिहितात. नवा कायदेशीर मुद्दा नसेल, तर त्यांना त्रास दिला जात नाही. न्यायाधीशांच्या बंद दाराआडच्या चर्चेत ते नसतात, आणि त्यांचं मत बंधनकारकही नसतं.

"सर, मग हरलेलं मत वाचायचं कशाला?" माझ्या ज्युनिअरचा प्रश्न. त्याला मी दार्मों या अ‍ॅडव्होकेट जनरलची गोष्ट सांगितली.

युरोपीय संसदेला मंत्रिपरिषदेचा, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेचा, एक निर्णय रद्द करून हवा होता. पण असा दावा कोणी लावायचा, त्या यादीत युरोपीय समुदायाच्या मूळ करारानं संसदेचं नावच घातलं नव्हतं. दार्मों म्हणाले, निदान स्वतःचे अधिकार राखण्यापुरतं तरी तिला दार उघडा. सप्टेंबर 1988 मध्ये न्यायालयानं नकार दिला. पुढे चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर अन्नातल्या किरणोत्साराच्या मर्यादेवरून संसद पुन्हा दारात उभी राहिली, आणि मे 1990 मध्ये त्याच न्यायालयानं तिला आत घेतलं. अट कोणती? स्वतःचे अधिकार राखण्यापुरतं! नंतर युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारानं हेच लिहून टाकलं.

आपल्याकडे हे काम भिन्नमताचा, म्हणजे बहुमत न पटलेल्या न्यायमूर्तींचा वेगळा, निकाल करतो. आणीबाणीतही स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते, असं म्हणताना 1976 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. हंसराज खन्ना एकटे पडले. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं त्यांचंच बरोबर ठरवलं. लक्झेंबर्गच्या निकालात भिन्नमत छापतच नाहीत. सगळ्यांचा मिळून एकच निकाल, आणि खरं सांगू? वाचायला तो बऱ्याचदा कोरडा ठणठणीत. दुसरी वाट दिसते ती अ‍ॅडव्होकेट जनरलच्या मतातच.

ज्युनिअर खूश झाला. म्हणाला, "म्हणजे आपला परवा फेटाळलेला अर्जसुद्धा...?"

अहो, तो मुदत उलटून गेल्यावर दाखल केला होता. तिथे दार्मोंचाही इलाज चालला नसता. नमस्कार.