कराडचे मुजुमदार, वाळवणाचे पेपर आणि आपली मिरची-हळद

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी, जिथं जिथं आत्ता रेडिओ लागलाय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आज बोलणार आहे वाळवणाबद्दल. पापड-संडगे कसे करायचे ते तुम्ही मला शिकवाल, मी बोलणार आहे ते वाळवणावर जगभर जे संशोधन चालतं, जे पेपर छापून येतात त्याबद्दल, आणि त्यातल्या एका माणसाच्या कामाबद्दल जरा जास्तच, कारण तो माणूस आपल्याच बाजूचा आहे आणि आपल्याकडं त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

निपाणीतून हायवे धरला आणि कोल्हापूर ओलांडून पुढं गेलं की कराड लागतं. तिथं १९४५ साली अरुण सदाशिव मुजुमदार यांचा जन्म झाला. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आत्ताच्या आयसीटीत, केमिकल इंजिनिअरिंग केलं, मग कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीत पीएचडी, तिथंच प्रोफेसर, आणि २००० सालापासून बरीच वर्षं सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत. विषय एकच धरला, ओली वस्तू वाळते कशी. १९७८ साली त्यांनी मॉन्ट्रियलला वाळवण्याच्या शास्त्रावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, ती पुढं दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या देशात भरत आली, २००८ साली तर हैदराबादला होती. १९८७ साली त्यांनी संपादित केलेलं औद्योगिक वाळवणावरचं जाडजूड हँडबुक आलं, त्याच्या पुढं अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि याच विषयाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय जर्नलचे ते वर्षानुवर्षं संपादक होते. दूध पावडर, औषधं, कागद, लाकूड, धान्य, फळं, सगळ्यांचं वाळवण त्यात आलं. आता तुम्ही म्हणाल वाळवणं हा काय एवढा मोठा विषय? तर बघा, पुढारलेल्या देशांत कारखान्यांना लागणाऱ्या एकूण एनर्जीतली १० ते २५ टक्के नुसती वाळवण्यात जाते असे अंदाज आहेत. म्हणून त्याच्यावर एवढं लिहिलं जातं.

आपल्या कामाचं म्हणजे २०१२ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर फक्त सौर वाळवणावर एक ई-बुक काढलं आणि ते फुकट वाचायला ठेवलं. इंग्रजीत आहे, गणित बरंच आहे. पण असल्या पुस्तकांतनं आणि पेपरांतनं जे निघतं ते आपल्या अंगणापर्यंत आलं पाहिजे असं मला मनापासनं वाटतं, म्हणून आज त्यातलं थोडं सांगते.

पहिला हिशेब पाण्याचा. समजा संकेश्वरी मिरची तोडून आणली, १०० किलो, त्यात साधारण ७५ किलो पाणी असतं आणि खरा माल २५ किलो. ती १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की वजन येतं २८ किलोच्या आसपास. म्हणजे ७२ लिटर पाणी आपण हवेत सोडलं, आणि एक लिटर पाणी उडवायला विजेच्या भाषेत अंदाजे ०.६७ युनिट एनर्जी लागते, काहीही वाया न घालवता. तेव्हा १०० किलो मिरचीला ४८ युनिट, कमीत कमी, आणि ती आजपर्यंत ऊन देत आलंय. आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर एक चौरस मीटर जागेवर दिवसाला ५ ते साडेपाच युनिट ऊन पडतं. सौर ड्रायरनं, म्हणजे उन्हावर चालणाऱ्या वाळवणाच्या पेटीनं, त्यातलं ३० टक्के जरी कामाला लावलं तरी एका चौरस मीटरमागं दिवसाला अडीच लिटर पाणी उडतं, म्हणजे १० चौरस मीटरच्या ड्रायरात ती १०० किलो मिरची कागदावर तरी तीन दिवसांत वाळते. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण कुणी ड्रायर विकायला आलं की ते सांगतात आत ६५ डिग्री टेंपरेचर येतं. टेंपरेचर नंतर बघू, आधी विचारायचं, दिवसाला पाणी किती लिटर काढतो?

पेपर उघडलात तर एक गोष्ट दचकवते, तिथं लिहिलेलं असतं मिरचीचा ओलावा ३०० टक्के. छपाईची चूक नाही ती. पाण्याचं वजन नुसत्या कोरड्या मालाच्या वजनाशी मोजलं तर ७५ भागिले २५, म्हणजे ३०० टक्के. संशोधक असं मोजतात कारण वाळताना कोरडा माल बदलत नाही, पाणी तेवढं बदलतं. व्यापारी मात्र एकूण वजनावर मोजतो. दोघांचे आकडे एकत्र करू नका.

आता ह्या सगळ्या संशोधनातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग, हवा. आपण सगळे उन्हाकडं बघतो, कडक ऊन पडलं की खूश. पण ढगाळ दिवशी वारा सुटला तर लुगडं दुपारपर्यंत वाळतं आणि उन्हाच्या दिवशी बंद खोलीत टाकलेलं संध्याकाळी पण दमट लागतं, हे घरातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. ड्रायरात तेच चालतं. बाहेरची हवा समजा ३० डिग्री आणि तिच्यात ६० टक्के दमटपणा. तीच हवा नुसती ५० डिग्रीपर्यंत तापवली, त्यातलं पाणी जराही काढलं नाही, तरी तिचा दमटपणा २० टक्क्यांवर येतो. आता ती हवा तहानलेली झाली, मालातलं पाणी ओढून घेणार. पण ओढून घेतल्यावर ती बाहेर गेली पाहिजे की! नाही गेली तर काय होतं, वरच्या काचेवर किंवा प्लॅस्टिकवर थेंब धरतात आणि तेच परत मालावर पडतात. लोकांनी हौसेनं बांधलेले ड्रायर मी बघितलेत, सगळीकडनं घट्ट बंद, आत भट्टीसारखी गरमी, आणि मिरची काळी पडलेली. वरून हवा निघायला चिमणी नाही, खालून यायला जाळी नाही. उलट फार जोरात फॅन लावला तर हवा तापायच्या आतच निघून जाते. ह्या दोहोंच्या मधलं जे प्रमाण, ते शोधण्यासाठीच एवढे पेपर लिहिलेत. जर्मनीतल्या होहेनहाइम युनिव्हर्सिटीनं जो लांबलचक बोगद्यासारखा ड्रायर केला त्यात छोटे फॅन सोलर पॅनेलवर चालतात, ऊन वाढलं की फॅन आपोआप जोरात, ढग आला की हळू. बॅटरी नाही, कंट्रोलर नाही, मला तर ही युक्ती फारच आवडते.

दुसरी गोष्ट वेळेची. सुरुवातीला माल भराभर वाळतो कारण पाणी वरच असतं. मग वेग पडतो, आता पाणी आतनं वर सरकायला हवं आणि ते आपल्या गतीनंच येतं, बाहेर कितीही वारा घाला. अशा वेळी ताप वाढवला तर वरचा थर कडक होतो आणि आतली ओल तिथंच कोंडते. आंब्याच्या फोडींचं हे हमखास होतं, हाताला वाळलेल्या लागतात आणि डब्यात भरल्या की आठवड्यात बुरशी. मुजुमदारांनी सिंगापूरच्या सहकाऱ्यांबरोबर २००३ साली एक मोठा आढावा लिहिलाय, थांबून थांबून वाळवण्याबद्दल, थोडा वेळ ताप द्यायचा, थोडा वेळ विसावा द्यायचा, विसाव्यात आतलं पाणी वर येतं, मग परत ताप. एनर्जी वाचते आणि मालाचा रंग-वास पण टिकतो. हे वाचताना मला आपली मिरचीची पद्धत आठवली. दिवसभर पसरायची, संध्याकाळी गोळा करून ढीग करायचा, वर ताडपत्री, सकाळी परत पसरायची. आपण म्हणतो दव लागू नये म्हणून, आणि ते खरंच आहे, पण त्या ढिगात रात्रभर दुसरं पण काम चालू असतं, आतला ओलावा सालीकडं सरकतो आणि सगळा माल एकसारखा होतो. फक्त पहिल्या दिवसांत, माल अजून ओला असताना, ढीग उंच करू नका, आत गरमी धरते आणि बुरशी येते. आणि बुरशी म्हणजे नुसता वास नव्हे, मिरचीत, भुईमुगात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते शिजवून सुद्धा जात नाही, लिव्हरला घातक आहे.

संशोधनाच्या ह्या दुनियेत एक नाव सतत येतं, पेज. १९४९ साली अमेरिकेत परड्यू युनिव्हर्सिटीत ह्या विद्यार्थ्यानं मास्टर्सचा प्रबंध लिहिला, विषय काय, तर मक्याचे सोललेले दाणे पातळ थरात किती वेगानं वाळतात. वाळण्याचा वेग सांगणारं जे जुनं सूत्र होतं, त्यात त्यानं एक घातांक टाकला, बस. आज जगात केळ्यापासनं हळदीपर्यंत कशावरही वाळवणाचा पेपर असो, पेजचं सूत्र त्यात लावून बघितलेलं असतंच. मका आपल्याकडं पण आहे की, एवढी पोती रस्त्यावर सुकवतो आपण! एका विद्यार्थ्याचं साधं, नीट मोजलेलं काम इतकी वर्षं उपयोगी पडतंय, हे मी वर्गात दरवर्षी सांगते.

अथणी, विजापूरकडच्या द्राक्षवाल्यांना तर यातलं विज्ञान हातानं माहीत आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, मेणाच्या थरातनं पाण्याला वाट मिळते, वाळायचे दिवस जवळजवळ निम्म्यावर येतात. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत, वाऱ्यावर. सावलीत का, तर सरळ ऊन लागलं की हिरवा बेदाणा तांबूस होतो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, कधी त्याहून थोडा कमी. हळदीचं पण रंगाचंच दुखणं आहे, तिला पिवळा रंग देणारं कुरकुमिन प्रकाशात टिकत नाही. शिजवल्यानं आतला स्टार्च बदलतो, रंग सगळीकडं सारखा होतो आणि पुढं वाळायला पण सोपं जातं. पण मग दहा-पंधरा दिवस उघड्यावर पडून राहते आणि अवकाळीची एक सर आली की सगळं भिजतं. आमच्या शेजारचे काका मला म्हणाले, "बाई, ऊन फुकट हाय की, त्याला कशाला पेटीत घालायचं?" मी म्हटलं, "काका, ऊन फुकटच आहे, पण भिजलेल्या हळदीचा दर बाजारात काय लागला ते सांगा." काका हसले, पण हिशेब करायला बसले.

आता जे मला खटकतं ते पण बोलते. पेपर खूप निघतात, पण पुष्कळांत प्रयोग दोन-पाच किलो मालावर असतो, मार्च-एप्रिलच्या स्वच्छ उन्हात, दोन-तीन दिवसांचा. मग दहा सूत्रं लावून बघायची आणि कुठलं जास्त जुळलं ते सांगायचं. जुळणं चांगलंच, पण खालच्या ट्रेमधली मिरची वाळली तेव्हा वरच्या ट्रेची काय गत होती, २०० किलो भरल्यावर काय झालं, रात्री काय केलं, खर्च किती वर्षांत फिटला, हे कुठंय? शेतकऱ्याला तेच पाहिजे असतं. मुजुमदारांच्या लिखाणात मला आवडतं ते हे की प्रयोगशाळेतलं शास्त्र आणि कारखान्यातलं मशीन ते एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवतात.

त्यांच्याच कॉलेजात, मुंबईच्या आयसीटीत शिकलेल्या काही पोरांनी पुढं एस४एस टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी काढली, खेड्यातल्या बायकांना सोलर ड्रायर द्यायचे, त्यांनी कांदा, टोमॅटो, आलं वाळवायचं आणि माल कंपनीनं उचलायचा. त्यांना २०२३ साली अर्थशॉट हे पर्यावरणाच्या कामासाठीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. यात मशीनपेक्षा माल उचलण्याची हमी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण नुसता ड्रायर दिला आणि गिऱ्हाईक नसलं की तो दोन वर्षांत कोंबड्यांचा खुराडा होतो.

व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, १९९८ सालापासनं आपल्या बेळगावातच आहे, आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेजं किती आहेत, दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना प्रोजेक्ट पाहिजे असतो आणि सोलर ड्रायर हा नेहमीचा विषय. माझं त्यांना सांगणं आहे, बाळांनो, परत सफरचंदाच्या चकत्या नका वाळवू. आपली रताळी घ्या, बेळगाव-खानापूरची रताळी बाजारात एकदम येतात आणि दर पडतो, त्यांच्या चकत्या आणि पीठ करून बघा. काजूच्या बिया घ्या. आणि प्रयोग जुलैत करा, जांबोटीकडं, जिथं पाऊस थांबत नाही. बाहेर २५ डिग्री आणि ९० टक्के दमटपणा असताना हवा नुसती १५ डिग्रीनं तापली तरी दमटपणा ४० टक्क्यांच्या आत येतो, पण ते १५ डिग्री ढगाळ दिवशी आणायचे कुठनं, उसाच्या चिपाडानं, काजूच्या फांद्यांनी, शेणीनं, ते मोजून सांगा, धूर मालाला लागू न देता. वरचा ट्रे, खालचा ट्रे वेगळा मोजा. आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहाच, मार्क त्याचेच आहेत, पण एक पान मराठीत आणि एक पान कन्नडमध्ये लिहून मार्केट यार्डाच्या बोर्डावर लावा.

हळदवाल्या मावश्या, काका, तुमच्यासाठी यंदा एकच काम. शिजवलेली हळद पसरायच्या आधी १० किलो वेगळी काढून एका जाळीच्या ट्रेमध्ये ठेवा, बाकीच्या मालाशेजारीच, आणि रोज सकाळी तिचं वजन करून वहीत लिहा. शिजवल्यावर साधारण ८० टक्के पाणी धरलं तर ती २ किलो २०० ग्रॅमच्या आसपास आली की १० टक्के ओलावा झाला. तिथं पोचल्यावर एक कांडी मोडून बघा, खटकन टणक मोडली तर पोती भरा, वाकली तर अजून दोन दिवस राहू द्या.